गल्फच्या शाळेतली मंडळी भेटवायची कुठं: दुबईत की कोल्हापुरात?

कुवेतच्या भारतीय शाळांतली कित्येक पोरं 1990 च्या उन्हाळी सुट्टीत गावी आली आणि त्या वर्गात परत बसलीच नाहीत. 2 ऑगस्टला इराकी सैन्य शिरलं. जे तिथं अडकले ते बगदादमार्गे जॉर्डनमधल्या अम्मानला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला आले. निरोपसमारंभ नाही, कुणाचा पत्ता कुणाकडं नाही. आमचा वर्ग असा पांगलेला. व्हॉट्सॲपवर सगळे सापडले आणि पहिल्याच आठवड्यात वाद सुरू झाला, भेटायचं कुठं. मी दुबईच्या मेळाव्याला गेलोय आणि कोल्हापूरचा स्वतः घडवून आणलाय. तुमचाही असाच वर्ग असेल आणि ठरत नसेल, तर माझं मत ऐका. पटलं तर घ्या.

‘व्हिडिओ कॉलवर भागतंय की’ म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपात असतो. त्याला सांगा, दुबईत इंटरनेटवरच्या बऱ्याच कॉलना सरकारी बंदी आहे आणि टोरांटोवाला आंघोळ करून बसतो तेव्हा आपली जेवणं झालेली असतात. तो विषय तिथंच संपतो.

दुबईची बाजू तशी भक्कम आहे. कुवेत, मस्कत, लंडन, मुंबई, सगळ्यांना थेट विमान. अमेरिकन पासपोर्टवाल्याला उतरल्यावर शिक्का मिळतो. आपल्याला व्हिसा आधी काढावा लागतो, पण त्यात फार डोकेदुखी नाही. शिवाय आमच्यासारख्यांना तिथली हवा ओळखीची वाटते: एसीचा वास, बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धरणारी वाफ, खुबूस म्हणजे तिकडची रोटी. बायकामुलंही खूश. आणि वर्गात कराचीचा मुलगा असेल, तर दुबईला पर्यायच नाही. पाकिस्तानी पासपोर्टवर भारताचा व्हिसा मिळवणं किती अवघड आहे, हे सांगायला नको. मिळाला तरी तो ठराविक शहरांपुरता असायचा, वर पोलिसांकडं नोंद; एप्रिल 2025 मध्ये तर भारतानं तो देणंच थांबवलं. आमच्यातला तसा एक जण कोल्हापूरला येऊ शकला नाही, हे खरंच.

मग माझं घोडं अडलं कुठं? दुबईत पळून जायला फार जागा आहेत. सकाळी नाश्त्याला सगळे भेटले, की दहाला निम्मे देऱ्याच्या सोन्याच्या बाजारात, दोघं कुणाच्या तरी मेव्हण्याकडं शारजाला, एक जण ‘ऑफिसचं एक छोटं काम उरकून येतो’ म्हणून गेला तो रात्रीच उगवला. संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये जेवण, पण हॉल अकरापर्यंतच. त्यात आधी ओळखपरेड: सध्या कुठं, कुठल्या कंपनीत, मुलं कुठं शिकतात. ते संपून कुणीतरी गणिताच्या मॅडमची नक्कल करायला उभं राहिलं, तर वेटर टेबलक्लॉथ गोळा करायला लागले. सगळे आले होते, पण एकत्र बसले असे फार थोडे तास. कदाचित आमचाच ग्रुप तसा असेल. तुमच्यातले सांगितल्या जागी बसणारे असतील, तर ही अडचण तुम्हाला येणारही नाही.

कोल्हापुरात हाच प्रश्न उलटा सुटतो. अंबाबाईचं दर्शन, न्यू पॅलेस, मिसळ. दुपारी एकपर्यंत बघण्यासारखं उरकतं आणि माणसं मुकाट्यानं बसतात. मी सगळ्यांना पन्हाळ्यावर एकाच बंगल्यात ठेवलं होतं. रात्री तांबडा-पांढरा ओरपून झाल्यावर एकानं किराणाच्या पिशवीचा कागद फाडून त्यावर वर्गातले बाक काढले. खिडकी इथं, फळा तिथं, एसीखालचा बाक कुणाचा. त्या एसीखालच्या बाकावरून दोन डॉक्टर आणि एक बँक मॅनेजर मध्यरात्र उलटेपर्यंत भांडत होते. तिसऱ्या रांगेतली एक जागा कुणालाच भरता येईना. मग हॅम्बर्गला फोन लावला, तिथं संध्याकाळ होती, आणि नाव मिळालं. त्या मुलीला आता शोधणं चालू आहे.

कोल्हापूरचे तोटे लपवत नाही. परदेशातून येणाऱ्याला मुंबईत किंवा दुसऱ्या मोठ्या शहरात उतरून पुढं यावंच लागतं. मुंबईहून विमानाची वेळ जुळली नाही, तर मी महालक्ष्मी एक्स्प्रेस सुचवीन. रात्री बसलं की सकाळी गावात. पावसाळ्याचं नावच काढू नका. 2 ऑगस्टलाच भेटू या, असं कुणी भावनेच्या भरात सुचवेल, पण ऑगस्टात आम्ही पुराच्या धास्तीनं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत बसलेलो असतो. 2019 ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता आणि 2021 च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता खचला. डिसेंबर-जानेवारी धरा. तिकडच्यांना नाताळची सुट्टी असते. विमानाचं भाडं चढं असतं, त्याला इलाज नाही.

तीस-चाळीस जण जमणार असतील किंवा कराचीवाल्याला सोडून भेटणं जिवावर येत असेल, तर खुशाल दुबई करा. दहा-बाराच असाल, तर मी तरी पन्हाळाच म्हणेन. फक्त नाताळाच्या आठवड्यात तिथं पर्यटकांची झुंबड उडते, तेव्हा बंगला दिवाळीच्या आधीच सांगून ठेवा आणि शाकाहारी किती आहेत ते स्वयंपाकवाल्या मावशींना आदल्या दिवशी कळवा.