आत्तीच्या एफडीच्या तीन विमा पॉलिसी झाल्या आणि फॉर्मवर सही पण तिची नाही

हे लिहू का नको करत दोन महिने घालवले. आत्तीच्या सासरकडनं निरोप येतात की घरातलं घरात मिटवा, चव्हाट्यावर आणू नका. पण आमचं बाहेर पडल्यावर तासगाव भागातनंच अजून दोन बायका आत्तीकडं आपापले कागद घेऊन आल्या, तेव्हा म्हणलं आता लिहायचंच. नाव कुणाचं घेत नाही, कंपनीचं पण नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे आणि शाबित व्हायचंय.

आत्ती ६३ वर्षाची, तासगाव तालुक्यात खेड्यात एकटी राहते. मामा, म्हणजे आत्तीचे मालक, एसटीत ड्रायव्हर होते, २०२१ ला कोरोनात गेले, मूलबाळ नाही. त्यांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीतले साडेचार लाख तिनं बँकेत एफडी करून ठेवलेले आणि पेन्शन येते ती महिन्याला २००० च्या आत. बँकेचं सगळं तिच्या दिराचा मुलगा बघायचा. पासबुक त्याच्याकडं, एटीएम त्याच्याकडं, आत्तीला पैसे लागले की त्याला फोन करायचा आणि तो विचारणार कशाला पाहिजेत काकू. शुगरच्या गोळ्यांना पैसे मागायचे म्हणून ती कधीकधी आठ-आठ दिवस गोळ्यांशिवाय काढायची, हे मला आत्ता कळालं. आम्ही माहेरची माणसं मात्र इतकी वर्षं म्हणत होतो की पोरगं काकूचं किती करतंय.

जुलै २०२४ ला एफडीची मुदत संपली. तो म्हणाला पाच वर्षात डबल होणारी नवीन एफडी आलीय, मी करून टाकतो. आत्तीनं बँकेच्या दोन-तीन कागदांवर सह्या केल्या आणि विषय संपला.

गेल्या वर्षी, २०२५ ला, गौरीच्या सणाला मी साताऱ्याहून तिच्याकडं गेले होते. लाडक्या बहिणीचे पैसे जमा झालेत का बघायचं म्हणून तिनं बरंच मागं लागून पासबुक परत घेतलेलं, ते मी तासगावात भरून आणलं आणि बँकेच्या पायरीवरच उघडलं. ऑगस्टमध्ये एकाच तारखेला तीन ओळी, तिन्ही रिटर्न चार्जेसच्या. मागची पानं उलटली तर बरोबर वर्षापूर्वी एकाच आठवड्यात तीनदा १,५०,००० गेलेले, पुढं विमा कंपनीचं नाव. म्हणजे एफडी नव्हतीच, दीड-दीड लाखाच्या तीन पॉलिसी होत्या आणि दुसऱ्या वर्षाचा हप्ता खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेलेला.

आत्तीला घेऊन सांगलीला कंपनीच्या शाखेत गेलो, लेखी अर्ज दिला आणि तिन्ही फॉर्मच्या कॉप्या मागून घेतल्या. तुम्ही पण पहिल्यांदा हेच करा, कारण खरं काय झालंय ते फॉर्ममध्येच असतं. व्यवसाय दुग्धव्यवसाय, उत्पन्न वर्षाला ८ लाख. आत्तीकडं दोन शेळ्या आहेत. हप्ते १० वर्ष भरायचे, म्हणजे वर्षाला साडेचार लाख आणि ते पण सत्तरीपर्यंत! मोबाईल नंबर पुतण्याचा, एजंट कोड त्याच्या बायकोचा. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर एजंटला सगळ्यात जास्त कमिशन असतं हे लक्षात घेतलं की तीन पॉलिसी का काढल्या ते कळतं.

आजाराच्या रकान्यात सगळीकडं नाही लिहिलेलं, तिला ११ वर्ष शुगर आहे तरी. हे नुसतं खोटं नाही, धोक्याचं आहे. पॉलिसी काढल्यापासून ३ वर्षाच्या आत माणूस गेलं तर माहिती खोटी दिली म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकते, विमा कायद्याचं कलम ४५ आहे ते. म्हणजे पैसेही अडकले आणि विमा पण नावालाच.

आता सही. आत्ती चौथी शिकलेली, सही मराठीत करते, एकेक अक्षर सुटं काढते आणि शेवटी डोक्यावरनं एक लांब रेघ ओढते. दोन फॉर्मवर इंग्रजीत झोकदार सही होती. तिनं कागद डोळ्याजवळ धरला, सहीवरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "मला कुठं गं येतंय असं."

कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं तर उत्तर आलं की ग्राहकाची सही आहे, पडताळणीचा कॉल झालाय, फ्री लूकची, म्हणजे पॉलिसी परत करायची, मुदत संपली. इथं बरेच लोक गप्प बसतात, आम्ही पण बसलो असतो. पण पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवस ती परत करता येते, आणि आत्तीच्या हातात कागद आलाच नव्हता. म्हणून बाँड, म्हणजे तो पॉलिसीचा कागद, कुणाला पोचवला त्याची कुरिअरची पोच मागितली आणि कॉलचं रेकॉर्डिंग मागितलं. कुरिअर पुतण्याच्या पत्त्यावर गेलेलं. रेकॉर्डिंगमध्ये एक तरुण बाई प्रत्येक प्रश्नाला हो सर, हो सर करतीय. आत्तीनं दोनदा ऐकलं आणि "ही मी न्हवं" एवढंच म्हणाली. तो आवाज तिनं ओळखला असणार असं मला वाटतं, पण नाव घेतलं नाही आणि मी पण विचारलं नाही.

त्याच आठवड्यात बँकेत लेखी अर्ज देऊन हप्त्याचा ऑटो डेबिट, म्हणजे खात्यातनं आपोआप पैसे कापणं, बंद केलं, नवीन एटीएम आणि नवीन मोबाईल नंबर लावला. हे आधी करा, भांडण नंतर. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, १५५२५५ वर फोन करून पण टाकता येते. पोलिसात अर्ज दिला, तिथं हे घरगुती दिसतंय म्हणाले, तरी पोच घेतल्याशिवाय उठलो नाही.

मग बैठक झाली. भावकीतली आठ-दहा माणसं, आणि सगळ्यांचा रोख माझ्यावर, की माहेरच्यांचा पैशावर डोळा आहे. पुतण्या म्हणाला काकूंना विचारूनच केलंय. आत्ती एरवी अशा बैठकीत आतल्या खोलीत बसते, त्या दिवशी बाहेर येऊन म्हणाली माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं गाडी हाणून कमावलेलं हाय, मला विचारून केलं आसंल तर सही दाखव. कुणी काही बोललं नाही.

डिसेंबरमध्ये दोन पॉलिसींचे तीन लाख परत आले. तिसरी टॅबवर ओटीपी घेऊन काढलेली, ओटीपी दिला म्हणजे संमती आहे असं कंपनी म्हणते, पण ओटीपी गेला कुणाच्या नंबरवर? त्यासाठी पुण्याच्या विमा लोकपालांकडं गेलोय, ते विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निकाल देतात. आधी कंपनीकडं लेखी तक्रार करायची, महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर तिथं जाता येतं, नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही.

सुनावणीची तारीख यायचीय. मी म्हणलं मी बोलते तुझ्या वतीनं, तर नको म्हणाली. रोज संध्याकाळी वहीवर तारखा पाठ करत बसते.