जीटीएक्स १६५०, दहा महिन्यांनी: कार्ड चांगलं, पंखा सोडून

परवा कुरिअरवाल्यानं खोकं परत आणून दिलं. १९ दिवस पुण्याच्या सर्व्हिस सेंटरात पाहुणचार घेऊन माझं ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स १६५०, गेलं तसंच परत आलं. सोबत छापील चिठ्ठी: धूळ आढळली, वॉरंटी लागू नाही. त्या तिरीमिरीत हे लिहायला बसलो. अर्धं लिहून होईपर्यंत राग भलत्याच माणसावर गेला, पण सुरुवात खोडत नाही. कार्ड कुठल्या कंपनीचं ते विचारू नका, त्यात कंपनीचा दोष किती ते पुढं कळेलच.

मशीन म्हणजे कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला चौथ्या पिढीचा आय-५ चा डबा, ४५७०. प्रोसेसर २०१३ सालचा. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, २९० वॉटचा, आणि त्याची पिन आपल्या नेहमीच्या २४ ची नाही, म्हणजे नवा बसवायचा तर परत अडॅप्टरची झंझट. बोर्डाच्या स्लॉटमधून येतात तेवढ्या ७५ वॉटवर जगेल असंच कार्ड हवं होतं. मित्र आरएक्स ५८० घे म्हणून मागं लागला होता. १८५ वॉट! डब्याचा धूरच निघाला असता. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॉट खातं, पण त्याला लेन (बोर्डाशी डेटाच्या वाटा) चारच, जुन्या बोर्डावर तिथंच मार खातं. वापरलेलं १०५० टीआय निम्म्या पैशात मिळत होतं, दोन दिवस मन त्याच्याकडंच ओढत होतं. नाही घेतलं ते बरं झालं. त्याची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानं त्या पिढीचे नवे गेम ड्रायव्हर (नव्या गेमसाठी लागणारं कार्डाचं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ ला बंद केले. १६५० पुढच्या पिढीचं, त्याला अजून मिळतात.

एप्रिलमध्ये इथल्या, सोलापूरच्या नवी पेठेतून १२,४०० ला घेतलं. घरी आल्यावर कळलं की आपल्या मॉनिटरला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीचं सॉकेट) आणि कार्डावर व्हीजीएचा पत्ता नाही. परत गाडी काढली, ३०० चा कन्व्हर्टर. दुकानदार हसत म्हणाला, "तेव्हाच विचारायचं की ओ मालक."

गेमचं थोडक्यात सांगतो. जीटीए पाच १०८० रिझोल्युशनवर हाय सेटिंगला मस्त पळतो, सेकंदाला साठ फ्रेमच्या खाली क्वचित. रेड डेड दोन मीडियम-लो मिसळून ४० च्या आसपास. सायबरपंक एफएसआर (चित्र लहान काढून मोठं करायची युक्ती) लावून चालतो, पण गर्दीच्या चौकात अडखळतो. मी महिनाभर कार्डाला शिव्या घातल्या, खरा दोषी निघाला प्रोसेसर. चार कोअर, चार थ्रेड, सगळे शंभर टक्क्यांवर. ८ जीबी रॅमची १६ केली (जुनी डीडीआर३, १,२०० रुपये), तेव्हा झटके बरेच कमी झाले. डूमचा नवा भाग पुतण्यानं मागितला होता, तो सुरूच होत नाही, त्याला रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढायचं) हार्डवेअर सक्तीचं आहे, ते या कार्डात नाही. काका असून काही उपयोग नाही, असं ऐकून घेतलं.

आता पंखा.

आमचं घर साखर पेठेत, भिंतीला भिंत लावून टॉवेलचा कारखाना. दिवसभर माग खटाखट चालतात आणि हवेत रुई उडत असते. दुपारी वाळत घातलेल्या चादरीवर संध्याकाळी पांढरी लव दिसते. ४३ डिग्रीच्या मे महिन्यात कार्ड ७४-७५ वर होतं, मी खूश. उन्हाळा सरला, हवा गार झाली, आणि ऑगस्टमध्ये तेच कार्ड ८६ वर! पंखा असा किंचाळायचा की शेजारचे माग चालू असतानाही ऐकू यायचा. अण्णा आतून ओरडले, "काय करालास रे? ते डबडं बोंबलालाय की!"

उघडून बघितलं तर पंखा आणि हीटसिंकच्या (कार्डाची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) मध्ये चक्क नमदा जमलेला. धूळ नव्हे, रुई. चिमटीत धरून ओढली तर गोधडीच्या तुकड्यासारखी अखंड निघाली, हीटसिंकच्या पात्यांचे वळ उमटलेली. अण्णांची हयात मागावर गेली. ते म्हणाले, "माग आठवड्याला हवा मारून झाडतोत, याला चार महिने हात लावला नाहीस?" दोघांनी कार्ड कारखान्यात नेलं आणि कॉम्प्रेसरची हवा मारली. पंखा असा गरगरला की पाती दिसेनात. आम्ही दोघं कौतुकानं बघत होतो. घरी येऊन लावलं, ७१ डिग्री. दर पंधरा दिवसांनी हाच कार्यक्रम.

दिवाळीनंतर घर्र घर्र सुरू झालं. डिसेंबरात पंखा मध्येच थांबायला लागला. वॉरंटी होती, पाठवलं, पुढचं वर सांगितलंच. फोनवर मी तावातावानं भांडलो, अहो सोलापुरात धूळ नसणार तर काय असणार, म्हटलं. तिकडची बाई शांतपणे म्हणाली, "सर, एकदा बेअरिंग बघा."

हे लिहिता लिहिता पंखा खोलला. बोटानं हलवला तर डुगडुगतो. बेअरिंग खलास. कॉम्प्रेसरच्या हवेनं त्याला झेपेल त्याच्या कितीतरी पट वेगानं फिरवला होता आम्ही, तोही दर पंधरवड्याला. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा असतो हे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोराला ठाऊक, मागवाल्याला कसं असणार? अण्णांना मी हे सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तरी चिठ्ठीत धूळ लिहिण्यापेक्षा बेअरिंग गेलं असं लिहिलं असतं तर फोनवरचं भांडण वाचलं असतं, हे मी सोडणार नाही.

आता वॉरंटी गेलेलीच आहे म्हणून कार्डाचं प्लास्टिकचं झाकण आणि मेलेला पंखा काढून टाकला. कॅबिनेटचा ८० एमएमचा पंखा हीटसिंकवर झिप टायनं बांधला, साटाच्या वायरवरून १२ व्होल्ट दिले. दिसायला भंगार. शेजारचा स्लॉट अडला, पण तो रिकामाच होता. रेड डेड तासभर चालवून ६९ डिग्री. कॅबिनेटच्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा चिकटवलाय, रविवारी रंगाच्या ब्रशनं झाडतो, पंख्यावर बोट ठेवून.

पंखा १८०, झिप टाय २०. पुण्याचं कुरिअर ३४०, ते मात्र अजून डोक्यातून जात नाही.