पीजीबाउन्सर: पोस्टग्रेसपुढचा चोख मध्यस्थ, पण ट्रान्झॅक्शन मोड समजून घेऊनच लावा

जँगो किंवा रेल्ससारख्या वेब फ्रेमवर्कवरचं ॲप वाढायला लागलं की लॉगमध्ये कधीतरी 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' ही ओळ येते. पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस देतं आणि मूळ सेटिंगवर 100 कनेक्शनं घेतं, त्यातली 3 सुपरयूजरसाठी राखीव. आता हिशेब करा: 4 ॲप सर्व्हर, प्रत्येकावर गनिकॉर्न या वेब सर्व्हरचे 8 वर्कर, दर वर्करला 4 थ्रेड, दर थ्रेडला एक कनेक्शन. झाली 128 कनेक्शनं. मर्यादा 500 करून टाकावी असं पटकन सुचतं, पण प्रत्येक प्रोसेस आपली मेमरी घेऊन बसते, आणि 8 कोरच्या मशीनवर 300 क्वेरी एकदम धावू लागल्या की सगळ्याच रेंगाळतात.

यावर पीजीबाउन्सर हा आजही सर्वांत भरवशाचा उपाय आहे. 2007 मध्ये स्काइपमधून बाहेर आलेलं हे सीमधलं छोटं, मोफत सॉफ्टवेअर ॲप आणि पोस्टग्रेसच्या मधे उभं राहतं. ॲपची शेकडो कनेक्शनं स्वतःकडे घेतं आणि मागे मोजकीच उघडी ठेवतं. एका क्लायंट कनेक्शनला साधारण 2 केबी मेमरी लागते, त्यामुळे लहान व्हीपीएसवरही (भाड्याच्या आभासी सर्व्हरवरही) ते सहज चालतं.

बसवणं सोपं आहे. डेबियन-उबंटूवर पॅकेज आहे आणि बहुतेक काम 'पीजीबाउन्सर डॉट आयएनआय' या एका फाइलमध्ये होतं. त्यात डेटाबेसचा पत्ता लिहायचा, ॲप दुसऱ्या मशीनवर असेल तर लिसन ॲड्रेस बदलायचा आणि ॲपच्या सेटिंगमध्ये पोर्ट 5432 ऐवजी 6432 करायचा. अडखळायला होतं ते पासवर्डपाशी. पोस्टग्रेस 14 पासून पासवर्ड मुळातच स्क्रॅम या नव्या पद्धतीने साठवले जातात. पीजीबाउन्सरच्या यूजरलिस्टमध्ये (यूजर आणि पासवर्डच्या फाइलमध्ये) जुन्या पद्धतीचा एमडी5 हॅश तसाच राहिला असेल तर 'राँग पासवर्ड टाइप' म्हणत लॉगिन फसतं. पोस्टग्रेसमधलं त्या यूजरचं स्क्रॅम सीक्रेट जसंच्या तसं यूजरलिस्टमध्ये उतरवलं की काम होतं, मात्र तेव्हा डेटाबेसच्या ओळीत वेगळा यूजर लिहू नका.

आता खरा मुद्दा, पूल मोडचा, म्हणजे मागची मोजकी कनेक्शनं क्लायंटांना कशी वाटायची याचा. मूळ सेटिंग 'सेशन' आहे. त्यात क्लायंट जोडलेला असेपर्यंत मागचं कनेक्शन त्याच्याच नावावर राहतं. वेब ॲप कनेक्शनं तासन् तास धरून ठेवतं, तेव्हा या मोडचा फायदा जवळजवळ शून्य. 'स्टेटमेंट' मोडमध्ये अनेक क्वेरींचं ट्रान्झॅक्शनच (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा गट) करता येत नाही. वेब ॲपसाठी उरतो 'ट्रान्झॅक्शन' मोड: कमिट किंवा रोलबॅक झालं की कनेक्शन लगेच दुसऱ्याला. सरासरी ट्रान्झॅक्शन 5 मिलिसेकंदांचं असेल तर एक कनेक्शन सेकंदाला 200 पर्यंत उरकू शकतं. म्हणजे डीफॉल्ट पूल साइझचा 20 हा मूळ आकडा दिसतो तितका लहान नाही. तो उगाच 100 वर नेऊ नका. फक्त लक्षात असू द्या की पूल डेटाबेस आणि यूजर या दोन्हींच्या जोडीवर बनतो. 3 डेटाबेस आणि 2 यूजर असतील तर 20 चे 120 होऊ शकतात, आणि पोस्टग्रेसची मर्यादा पुन्हा ओलांडली जाते. मॅक्स क्लायंट कनेक्शनही मुळात 100 च असतं. वरच्या 128 थ्रेडसाठी ते वाढवावंच लागेल, आणि त्यासोबत सिस्टिमची उघड्या फाइलींची मर्यादाही.

याच मोडमध्ये सगळ्यात घातक चूक होते, आणि ती एरर न देता होते. समजा, एकाच ॲपमध्ये प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी स्कीमा (टेबलांचा स्वतंत्र गट) आहे आणि रिक्वेस्टच्या सुरुवातीला ती निवडणारं 'सेट सर्च पाथ' चालवलं जातं. ट्रान्झॅक्शन संपलं, कनेक्शन पूलमध्ये परत गेलं, पण ते सेटिंग त्याच्यावर तसंच चिकटलेलं राहिलं. पुढची रिक्वेस्ट दुसऱ्या ग्राहकाची आली आणि तिला पहिल्याचा डेटा दिसला. कनेक्शन धुऊन घेणारी 'डिस्कार्ड ऑल' ही कमांड मूळ सेटिंगवर फक्त सेशन मोडमध्ये चालते. उपाय एकच, ट्रान्झॅक्शनच्या आत 'सेट लोकल' वापरणं, म्हणजे ट्रान्झॅक्शन संपताच ते सेटिंग मिटतं. टाइमझोन, क्लायंट एन्कोडिंग अशी काही मोजकी सेटिंगं पीजीबाउन्सर स्वतः सांभाळतं, पण त्यावर विसंबून बाकीचा कोड तसाच सोडू नये. 'लिसन' (डेटाबेसच्या सूचना ऐकत राहणं), सेशन पातळीवरचे ॲडव्हायझरी लॉक (ॲपने स्वतः लावलेली कुलपं) आणि ट्रान्झॅक्शननंतरही टिकायला हवीत अशी टेम्पररी टेबलं यांचंही तेच: इथे ती चालणार नाहीत.

प्रिपेअर्ड स्टेटमेंटचं, म्हणजे एका कनेक्शनवर आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरींचं, दुखणं मात्र बरंच मिटलं आहे. 2023 मधल्या 1.21 आवृत्तीपासून ड्रायव्हरने प्रोटोकॉलमधून पाठवलेली स्टेटमेंटं ट्रान्झॅक्शन मोडमध्येही चालतात. मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स शून्यापेक्षा जास्त असायला हवं, एवढंच. एसक्यूएलमध्ये हाताने लिहिलेलं 'प्रिपेअर' अजूनही चालत नाही. जँगोवाल्यांनी डिसेबल सर्व्हर साइड कर्सर्स 'ट्रू' करावं, नाहीतर इटरेटर वापरणारा रिपोर्ट मधेच 'कर्सर सापडत नाही' म्हणून पडतो. मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) आणि पीजी-डंप (बॅकअप) थेट पोस्टग्रेसच्या 5432 वरूनच चालवा.

गती अचानक मंदावली तर आधी 6432 वर 'पीजीबाउन्सर' नावाच्या आभासी डेटाबेसला जोडून 'शो पूल्स' बघा. सीएल-वेटिंग (ताटकळणारे क्लायंट) वाढतंय, मॅक्सवेट (सर्वांत लांब ताटकळण्याचा वेळ) काही सेकंदांवर गेलंय आणि सगळी सर्व्हर कनेक्शनं ॲक्टिव्ह आहेत, असं दिसलं की लोक पूल वाढवतात. त्याआधी पोस्टग्रेसमध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेतली (ट्रान्झॅक्शन उघडं, पण काम थांबलेलं) कनेक्शनं मोजा. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून त्यातच पेमेंट गेटवे किंवा एसएमएसचा एपीआय बोलावणारा कोड दर वेळी एक कनेक्शन दोन-तीन सेकंद अडवतो, आणि पूल कितीही वाढवला तरी ते भरून निघत नाही. ती कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढावी लागते. क्लायंटला कनेक्शनसाठी ताटकळत ठेवण्याची मूळ मुदत 120 सेकंदांची आहे. वेब ॲपसाठी ती फार लांब आहे, 10-15 सेकंद पुरे.

एक सोय मनापासून आवडावी अशी आहे: 'पॉज' आणि 'रिझ्यूम'. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये 'पॉज' दिलं की चालू कामं संपतात, नवी रांगेत थांबतात. पोस्टग्रेस रीस्टार्ट करून 'रिझ्यूम' दिलं की वापरणाऱ्याला फक्त पान किंचित उशिरा उघडल्यासारखं वाटतं.

उणिवाही आहेत. एक प्रोसेस एकाच कोरवर चालते. भार फार वाढला की 'एसओ रियूजपोर्ट' लावून दोन-तीन प्रोसेस एकाच पोर्टवर उभ्या कराव्या लागतात. वाचनाच्या क्वेरी आपोआप रेप्लिकाकडे (डेटाबेसच्या प्रतीकडे) वळवणं त्याला जमत नाही. ते हवं असेल तर पीजीपूल-टू बघा, पण त्याचं कॉन्फिगरेशन बरंच किचकट आहे. आणि एकच पीजीबाउन्सर ठेवला तर तो पडला की सगळं ॲप पडतं. तो प्रत्येक ॲप सर्व्हरवर बसवला तर हा धोका कमी होतो, पण तेव्हा पूलचा आकडा सर्व्हरच्या संख्येने भागून लिहावा लागतो.

एकाच सर्व्हरवर 10-15 कनेक्शनांत भागणारं ॲप असेल तर याची गरज नाही. फ्रेमवर्कचा स्वतःचा पूल तिथे पुरतो.