जड वळणाऱ्या बाइकसाठी: मागचा प्रीलोड की पुढचे फोर्क?

आंबेनळीसारख्या घाटातल्या चिंचोळ्या वळणावर स्पोर्ट बाइक आत वळायला कुरकुरत असेल, तर टायरमधली हवा तपासून झाल्यावर फोर्कचा (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा) तिरपेपणा आणि ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला टेकते तिथून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर) किंचित कमी करण्याचे दोन मार्ग उरतात. मागच्या शॉकअब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही (हा गैरसमज गॅरेजांतही आढळतो). स्वार बसल्यावर मागची बाजू कमी दबते आणि उंच राहते, एवढेच. सी-स्पॅनर (प्रीलोडची रिंग फिरवायचा आकडीसारखा पाना) असेल तर हे काम रस्त्याकडेलाही होते आणि पसंत न पडल्यास लगेच पूर्ववत करता येते. मात्र स्वारासह सॅग (वजनाने शॉकअब्सॉर्बर किती दबतो ते अंतर) साधारण 30 ते 35 मिमी राहावा. तो फारच घटला तर खडबडीत रस्त्यावर मागचे चाक उड्या मारते.

फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून (त्यांना धरणाऱ्या पकडीतून) 4-5 मिमी वर सरकवल्यास पुढचा भाग खाली येतो आणि सॅग जवळपास तसाच राहतो. पण त्यासाठी पुढचा भार पेलणारा स्टँड व टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा पाना) लागतो, दोन्ही नळ्यांची उंची तंतोतंत सारखी ठेवावी लागते आणि जोरात ब्रेक दाबल्यावर मडगार्ड वर कुठे घासत नाही ना, हेही पाहावे लागते. वेगात हँडल थरथरण्याचा धोका दोन्हींत वाढतो. सॅग जास्त असेल तर प्रीलोडच वाढवावा. सॅग योग्य असूनही बाइक जड वळत असेल, तरच फोर्कला हात लावावा.