टीकॅस-२, आवृत्ती ७.१ : उंचीत पक्कं, दिशेत कच्चं

टीकॅस म्हणजे हवेतली टक्कर टाळण्यासाठी वैमानिकाला वर-खाली जाण्याचे आदेश देणारं विमानातलं यंत्र. १०३० मेगाहर्ट्‌झवर विचारणा, १०९० वर समोरच्या विमानातल्या ट्रान्सपॉन्डरचं (विचारणेला आपोआप रेडिओवरून उत्तर देणाऱ्या उपकरणाचं) उत्तर. त्यातून अंतर आणि उंची चोख मिळते. दिशा मात्र ढोबळच, म्हणून पडद्यावरचा ठिपका पाहून विमान डावीउजवीकडे वळवू नका. ७.१ मधली सर्वांत मोलाची सुधारणा म्हणजे ‘लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ’ (चढ-उतार थांबवा, आहे त्या पातळीवर उडा) हा आदेश. आधीच्या ‘ॲडजस्ट व्हर्टिकल स्पीड’वर (चढण्या-उतरण्याचा वेग कमी करा) काही वैमानिक नेमकं उलटं करत. यंत्राच्या पहिल्या आदेशाला ५ सेकंदांत, बदललेल्या आदेशाला २.५ सेकंदांत प्रतिसाद द्यायचाच, जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक काहीही सांगो. २००२ मध्ये जर्मनीतल्या यूबरलिंगेनवर दोन विमानांची टक्कर झाली: एका विमानाने यंत्राचं ऐकलं, दुसऱ्याने नियंत्रकाचं. ७१ जीव गेले. उणीव मोठी आहे: ट्रान्सपॉन्डर नसलेलं विमान याला दिसतच नाही.