धनकोंच्या वकिलांची संघटना: सोलापुरातून वर्षभराचा अनुभव

मागच्या फेब्रुवारीत प्रवेश फी धरून ७,५०० रुपये भरले आणि व्यापारी वसुलीचं, म्हणजे धनकोंचं (ज्यांची उधारी येणं आहे त्यांचं) काम करणाऱ्या वकिलांच्या एका संघटनेचा सदस्य झालो. जूनमध्ये घरी सांगून टाकलं होतं, पुढच्या वर्षी एक रुपया देणार नाही. परवा नूतनीकरणाचे ६,००० भरले. मधल्या काळात माझं मत दोनदा बदललं. एका बाबतीत मात्र ते तसूभरही बदललेलं नाही आणि ती बाब म्हणजे सदस्यसूची. तिच्याबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे, कारण माझ्या मते अशी संघटना म्हणजे मुळात ती सूचीच.

बार असोसिएशन असताना ही आणखी एक वर्गणी कशाला, असं आमच्या कोर्टात अजूनही विचारतात. प्रश्न रास्त आहे. बार असोसिएशन आपल्या गावाची असते. वसुलीचं काम गावात राहत नाही. माझे पक्षकार म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले, थोडे चादरवाले आणि चाटी गल्लीतले दोन कापडवाले. माल इथल्या मागावर निघतो आणि उधारी इंदूर, हैदराबाद, सुरतेत अडकते. मी डिक्री (पैसे द्या असा कोर्टाचा हुकूम) घेतो सोलापुरात, पण ज्याच्याकडून पैसे यायचे त्याचं दुकान, गोडाऊन, बँक खातं सगळं शेकडो किलोमीटरवर.

ज्यांनी २०१४ मध्ये कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची, कामं केली आहेत त्यांना हे जास्त समजवायला नको. त्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा दशरथ राठोड प्रकरणाचा निकाल आला आणि चेक ज्या बँकेवर काढला तिथल्याच कोर्टात फिर्याद, असं ठरलं. सोलापुरात दाखल केलेल्या फिर्यादी परत हातात आल्या. मी तेव्हा ज्युनिअर होतो. फायली बांधून कुठे पाठवायच्या, कुणाकडे पाठवायच्या, काही माहीत नव्हतं. जून २०१५ च्या वटहुकुमाने फिर्यादीचं स्वतःचं खातं असलेल्या शाखेच्या ठिकाणच्या कोर्टाला अधिकार आला तेव्हा कुठे सुटका झाली. पण त्या दहा-अकरा महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली: परगावी विश्वासाचा एक वकील नसेल तर आपला कायद्याचा अभ्यास पक्षकाराच्या काही उपयोगाचा नाही.

अमेरिकेत हीच अडचण फार आधी आली. तिथली कमर्शियल लॉ लीग १८९५ साली डेट्रॉइटमध्ये स्थापन झाली. एका शहरातल्या धनकोची वसुली दुसऱ्या शहरातल्या वकिलाकडे यादी बघून पाठवायची तिथे जुनी पद्धत. यादीतला माणूस खरा आहे का, पैसे वसूल झाल्यावर ते पुढे पाठवील का, याची काळजी घेणारं कुणीतरी लागतं. धनकोंच्या वकिलांची संघटना लागते ती यासाठी. परिसंवाद, स्मरणिका, दिवाळी स्नेहमेळावा नंतर.

आता सूचीकडे येतो.

एप्रिलमध्ये छापील सूची पोस्टाने आली. कागद चांगला, बांधणी चांगली. 'स' मध्ये सोलापूर शोधलं. सांगली आहे, सातारा आहे, सोलापूर नाही. बऱ्याच वेळाने 'पुणे विभाग' या मथळ्याखाली, चौतिसाव्या पानावर, पुण्यातल्या सदस्यांच्या रांगेत आमची तीन नावं सापडली. नावापुढे गाव नाही. माझ्या नावापुढे मी चार वर्षांपूर्वी सोडलेल्या नवी पेठेतल्या ऑफिसचा लँडलाइन नंबर, जो आता लागतच नाही. अर्जात मी मोबाइल नंबर ठळक अक्षरात लिहिला होता. अर्जाची प्रत माझ्याकडे आहे.

छपाईची चूक म्हणून हे सोडून देता येत नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, सनद, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढं देता येतं आणि तिथे संपलं. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या पोर्टलवरसुद्धा कडक आदेश दिला. म्हणजे परगावच्या वकिलाला मी सोलापुरात आहे हे कळायचा सरळ, नियमात बसणारा मार्ग म्हणजे ही सूचीच. ७,५०० रुपयांतले निदान पाच हजार मी त्या एका ओळीसाठी दिले होते.

फोन केला. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "सर, विभाग समितीने ठरवलेत. पुढच्या आवृत्तीत बघू." पुढची आवृत्ती कधी? "वर्षाने." निदान मोबाइल नंबर दुरुस्त करून सगळ्यांना एक मेल तरी पाठवा म्हटलं, तर लेखी अर्ज द्या म्हणाल्या. दिला. पोच आली नाही. मेमध्ये स्मरणपत्र, जूनमध्ये रजिस्टर पोस्टाने दुसरं. चाळीस-पंचेचाळीस रुपयांचं ते पोस्ट, पण स्वतःच्याच संघटनेला आपण देणेकऱ्याला पाठवतो तशी नोटीस पाठवावी लागली याचं फार वाईट वाटलं.

नुकसान किती झालं तेही समजलं. कोईम्बतूरच्या एका वकिलांशी ऑनलाइन सत्रानंतर बोलणं झालं. त्यांच्या सूतगिरणीचे पैसे सोलापूरच्या एका चादर कारखानदाराकडे अडकलेले. सूची उघडली, सोलापूर दिसलं नाही, म्हणून त्यांनी पुण्यातल्या सदस्याला फोन लावला. पुण्याच्या वकिलांनी काम घेतलं आणि सोलापुरातल्या एका ज्युनिअरला अर्ध्या फीत दिलं. गिरणीने दोन वकिलांची फी भरली, शिवाय हुतात्मा एक्सप्रेसची तिकिटंही. माझं काम गेलं एवढाच मुद्दा असता तर गप्प बसलो असतो. धनकोचा खर्च वाढला, तोही धनकोंच्या हक्कासाठी काढलेल्या संघटनेच्या यादीमुळे.

जूनअखेर माझं मत असं होतं: पैसे वाया. परिसंवाद पुण्यात नाहीतर मुंबईत. दोनदा गेलो, जाण्यायेण्याचे आणि जेवणाचे मिळून ३,४०० गेले आणि ऐकायला मिळालं ते बहुतेक एनसीएलटीचं, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची कामं चालतात त्या न्यायाधिकरणाचं. २०२० मध्ये तिथे जाण्यासाठीच्या थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी झाल्यापासून माझ्या टॉवेलवाल्यांचा एनसीएलटीशी संबंध उरलेला नाही.

पहिल्यांदा मत हललं ते जुलैमध्ये, एका एक्सेल शीटमुळे. एमएसएमईडी कायद्याच्या (लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांचा कायदा) कलम १६ चं व्याज ज्यांनी हाताने काढलंय त्यांना त्याचा जाच माहीत आहे: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. रेट बदलला की हिशेब मोडतो, आणि गेल्या वर्षी तो चार वेळा बदलला. संघटनेच्या शीटमध्ये बिलाची तारीख, पंचेचाळीस दिवसांची मुदत आणि रक्कम टाकली की महिनावार तक्ता तयार. मी आमच्या एका टॉवेलवाल्याच्या अकरा बिलांचा हिशेब वीस मिनिटांत केला. एरवी माझी दुपार गेली असती.

पण तपासून बघायची सवय आहे म्हणून बरं. शीटमध्ये बँक रेट ६.७५ वरच थांबलेला होता. फेब्रुवारीत ६.५०, एप्रिलमध्ये ६.२५, जूनमध्ये ५.७५ झाला होता. म्हणजे वार्षिक २०.२५ टक्क्यांऐवजी १७.२५ लागायला हवे होते. तशीच नोटीस गेली असती तर समोरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला आकडा खोडला असता. संघटनेच्या ग्रुपवर लिहिलं. खरं सांगतो, चाळीस मिनिटांत शीट दुरुस्त होऊन आली, खाली दुरुस्तीची तारीख आणि कुणी चूक दाखवली तेही लिहिलेलं. डिसेंबरमध्ये रेट ५.५० झाला तेव्हा तर दुसऱ्याच दिवशी नवीन शीट हजर. म्हणजे मनात आणलं तर यांना जमतं. मग एक फोन नंबर बदलायला इतके महिने का लागावेत? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

सप्टेंबरअखेर सर्वोच्च न्यायालयाने संजाबिज तारी प्रकरणात चेक बाउन्सच्या कामांसाठी नवीन सूचना दिल्या, तेव्हा आठवड्याच्या आत ऑनलाइन सत्र झालं. फिर्यादीने स्वतः समन्स बजावण्याबद्दल काय लिहून द्यायचं, पैसे ऑनलाइन भरून तडजोड कशी घ्यायची, कुठल्या टप्प्यावर किती खर्च भरावा लागेल, हे मॅजिस्ट्रेट कोर्टात रोज उभं राहणाऱ्यांनीच सांगितलं. तासाभरात कामाचं सगळं. ही सत्रं मला आवडतात. हॉटेलातले परिसंवाद बंद करून एवढंच केलं तरी चालेल.

आणि मग इंदूर.

अण्णांचं (आमचे पक्षकार, टॉवेलचे कारखानदार) काम कमर्शियल सूटचं (व्यापारी दाव्याचं) होतं, ८,७४,००० चं. कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे आधी मध्यस्थीचा अर्ज. समोरचा आला नाही, अहवाल आला, मग दावा, मग डिक्री. देणेकऱ्याची सोलापुरात दमडी नाही, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ खाली डिक्री इंदूरला वर्ग करून घेतली. कागद गेले. त्यानंतर पाच महिने काहीही नाही. अण्णा दर सोमवारी यायचे, समोर बसायचे आणि म्हणायचे, "वकीलसाहेब, कागद तर आहे ना आपल्याकडं?" डिक्रीला ते कागद म्हणतात. पाच महिन्यांनी तो खरोखर कागदच वाटायला लागला होता.

नोव्हेंबरमध्ये सूचीतून इंदूरच्या एका सदस्य वकीलबाईंचा नंबर काढला. इंदूरचा नंबर बरोबर छापलेला होता, हेही नोंदवतो. ओळख ना पाळख, मी फक्त संघटनेचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. पाकीट तिथल्या कोर्टात पोचलं होतं, पण आतल्या वसुली बाकी असल्याच्या दाखल्यात रक्कम आकड्यात ८,७४,००० आणि अक्षरात 'आठ लाख चौऐंशी हजार'. त्या फरकामुळे कारकुनाने पाकीट बाजूला ठेवलेलं, आणि तिथे आपल्यातर्फे दरखास्त (डिक्रीच्या वसुलीचा अर्ज) दाखल करायला कुणी नाही म्हणून कुणी विचारलंही नाही. त्यांनी दाखल्याचा फोटो पाठवला. तो फोटो मी मोठा करून तीनदा पाहिला. एका शब्दापायी अण्णांचे पाच महिने गेले होते आणि दाखला पाठवण्याआधी तो वाचणं माझंही काम होतं.

इथल्या कोर्टातून दुरुस्त दाखला घ्यायला नऊ दिवस लागले. बाईंनी दरखास्त टाकली आणि देणेकऱ्याच्या चालू खात्यावर त्याच संहितेच्या आदेश २१ नियम ४६अ खाली बँकेला नोटीस काढायला लावली. खातं कुठलं, ते देणेकऱ्याच्याच जुन्या चेकवरून कळलं. खातं अडकल्यावर तीन आठवड्यांत देणेकरी स्वतः बोलायला आला. जानेवारीच्या मध्यापर्यंत ७,९०,००० अण्णांच्या खात्यात जमा झाले, बाकीची रक्कम अण्णांनी राजीखुशीने सोडली. त्या दिवशी अण्णा सोमवार नसताना आले होते.

फीचं सांगितलं पाहिजे, कारण ते पुष्कळांना माहीत नसतं. अण्णांनी सुरुवातीला टक्केवारीवर काम करा म्हणून आग्रह धरला होता. अमेरिकेतले वसुलीचे वकील सर्रास तसं करतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियम २० प्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, वसुलीत वाटाही घेता येत नाही. संघटनेने टप्प्याटप्प्याच्या फीचा एक नमुना तयार केला आहे: नोटीस, मध्यस्थी, दावा, दरखास्त, आणि परगावच्या वकिलाची फी पक्षकाराने थेट त्यांनाच द्यायची. इंदूरचा व्यवहार त्याच नमुन्यावर झाला. पुण्याच्या प्रकरणात झाली तशी मधल्यामधे अर्धी-अर्धी वाटणी नाही. हा नमुना मला या संघटनेची सगळ्यात सचोटीची गोष्ट वाटते आणि तो त्यांनी सूचीच्या पहिल्याच पानावर छापायला हवा.

सूचीवरचा माझा राग मात्र कायम आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आणि त्यात सोलापूर जिल्हा आहे. आमची अपिलं कोल्हापूरला जातात आणि संघटनेच्या कागदावर आम्ही पुणे विभागात. मला कोल्हापूर विभागही नको. गावाचं नाव लिहा, त्याखाली वकिलांची नावं लिहा, चालू नंबर लिहा. बाहेरगावचा माणूस गाव शोधतो, विभाग शोधत नाही.

सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या ज्यांना सदस्य व्हायचंय त्यांनी व्हावं, पण वार्षिकच. आजीवचे ४५,००० आत्ता देऊ नयेत. मीही दिले नाहीत. फॉर्म भरताना पत्त्याच्या पानाचा फोटो काढून ठेवा. सूची आली की पहिल्या दिवशी आपली ओळ तपासा. हॉटेलातल्या परिसंवादांना जाऊ नका, सत्रं घरून ऐका. आणि परगावहून अनोळखी सदस्याचा फोन आला तर त्याच दिवशी उचला.

नूतनीकरणाच्या फॉर्मवर सूचनांसाठी दोन ओळींची जागा होती. मी मागे जोडपत्र लावलंय, आधीच्या तिन्ही पत्रांच्या प्रतींसह. नव्या आवृत्तीचं प्रूफ एप्रिलमध्ये सदस्यांना दाखवणार असं यंदा पहिल्यांदाच कळवलं आहे. प्रूफ आलं की इथेच खाली लिहीन, 'स' मध्ये सोलापूर आहे की नाही ते.