चामड्याची स्लिंग आणि कोकणातला पाऊस: सात महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये रायफल नेमबाजीसाठी चामड्याची स्लिंग घेतली, म्हणजे दंडापासून रायफलला जोडायचा पट्टा. अख्खा पावसाळा ती रत्नागिरीत माझ्या दंडावर होती, म्हणून मुद्दाम लिहितोय. घेताना जे अनुभव वाचले ते कोरड्या हवेतल्या लोकांचे होते. इथे ते अर्धेच लागू पडले.

मी ५० मीटर प्रोन, म्हणजे पोटावर झोपून नेमबाजी, करतो. महिन्यातून एकदा पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर गोळी मारायची, बाकी घरच्या पडवीत एअर रायफलला हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा, पट्टा जोडायचा ठोकळा) लावून नुसतं होल्डिंग, म्हणजे गोळी न मारता नेम धरून राहायचं. वाडीत सगळ्यांना वाटतं हा पट्टा बंदूक खांद्याला अडकवायचा. आजोबांची शेतीराखणीची ठासणीची बंदूक होती, तिचा पट्टा त्याचसाठी होता. पण १८७४ मध्ये अमेरिकेत क्रीडमूरच्या सामन्यात आयरिश नेमबाज ठासणीच्याच रायफलींनी १००० यार्डांवर मारत होते. बाहेरचा टेकू चालत नव्हता. आधार द्यायचा तो स्वतःच्या शरीराचा. स्लिंगचं कामही तेच: वजन स्नायूंवरून काढून हाडांवर टाकायचं.

मे अखेरपर्यंत पाचव्या भोकावर सगळं छान जमलं होतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भोक तेच, हँडस्टॉप तिथेच, पण फ्रंट साइट (नळीच्या टोकाची नेमखूण) लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाच्या खाली उतरायला लागली. आठ दिवस मी श्वासाला दोष देत बसलो. शेवटी टेप लावून मोजलं, तर पट्टा सव्वा सेंटिमीटर लांबलेला. दमट हवेनं चामडं सैलावलं होतं. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर, तिथे सव्वा सेंटिमीटर म्हणजे फार झालं. शिवाय प्रोनमध्ये पुढच्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांपेक्षा कमी चालत नाही, आणि पट्टा लांबला की हात खालीच येतो.

त्यात बुरशी धरली म्हणून मी खोबरेल चोळलं. ते करू नका. चामडं लिबलिबीत झालं आणि पिनेजवळचं गोल भोक लांबट झालं. आता कोरड्या फडक्यानं पुसतो आणि पंख्याखाली टांगतो, उन्हात किंवा चुलीजवळ कधीच नाही.

भोकाच्या आकड्यावर आता विसंबत नाही. रोज झोपून पोझिशन घेतली की डोळे मिटून दोन श्वास, मग डोळे उघडायचे. साइट वर-खाली गेली असेल तर आधी पट्टा बघायचा. डावी-उजवीकडे असेल तर कंबर सरकवायची, हातानं रायफल ओढायची नाही. साइट ठोक्याठोक्याला उडत असेल तर पट्टा दंडाच्या आतल्या धमनीवर बसलाय. तो थोडा बाहेरच्या बाजूला फिरवला की थांबते.

नीलिंग रोलमध्ये (गुडघ्यावर बसून नेम धरताना घोट्याखाली घ्यायची उशी) मी समुद्राची वाळू भरली होती. खारामुळे ती ओल धरते आणि दगड होते. भाताचं तूस भरलं, बरं चाललंय.

नायलॉनची जुनी स्लिंग पावसात लांबत नव्हती, पण बकलातून हळूहळू घसरायची. त्यामुळे चामड्याचीच ठेवणार. बाजारातल्या चपला शिवणाऱ्या काकांकडून पाच आणि सहाच्या मध्ये एक भोक पाडून घेतलंय. सध्या साडेपाचवर आहे. जानेवारीत हवा सुकली की परत मोजीन.